खोड लिहून घेतलेली घोडी

मित्रांनो, मी एक जुनी घोडी आहे. किती जुनी, तेही आधीच सांगून टाकते: बावीस वर्षांची. खरं वय सांगताना मला फार बरं वाटतं, कारण मधली दोन वर्षं अशी गेली की बाजारात उभी राहिले की माझं वय आठ असायचं. पहिल्या खेपेला आठ, दुसऱ्या खेपेला आठ, तिसऱ्या खेपेलाही आठच. खरं तर तेव्हा मी बाराची होते, मग तेराची, मग चौदाची. हे कसं घडलं आणि त्यातून माझी सुटका कशी झाली, ते ऐका. जीव टांगणीला लावून घेऊ नका. मी अजून निवांत गवत चघळते आहे, म्हणजे शेवट चांगलाच झाला असणार.

माझा जन्म एका लहानशा तबेल्यातला. रंग तांबूस तपकिरी, कपाळावर बोटभर पांढरा पट्टा. मला गाडी ओढायला शिकवणारा म्हातारा अजिबात घाईचा नव्हता. पहिले काही दिवस त्याने मला नुसती दोरी हुंगायला दिली. मग ती पाठीवर ठेवली, मग छातीवरून घेतली, मग मागे एक लाकडी ओंडका बांधला. ओंडका घसरत मागे येऊ लागला तेव्हा मला वाटलं, हे तर मी पहिल्यापासूनच करते आहे.

चार वर्षांची झाल्यावर मी एका लाकडाच्या वखारीत गेले आणि तिथे आठ वर्षं फळ्या ओढल्या. गाडीत जास्त माल भरला की मी जागची हलत नसे. वखारवाले कौतुकाने येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "ही घोडी नाही, आमची मुकादम आहे. हिच्यापुढे आमचं काही चालत नाही." असं कौतुक ऐकलं की मी मान जरा जास्तच ताठ करायची. गर्व होता मला, खोटं कशाला बोलू?

मग एक दिवस शेजारी नवीन कारखान्याचं बांधकाम निघालं. ट्रकमधून पत्र्यांची चळत उतरवताना दोरी सुटली आणि सगळे पत्रे माझ्या मागच्या पायांशी येऊन कोसळले. मला खरचटलंसुद्धा नाही. पण तो आवाज माझ्या अंगात शिरला तो शिरलाच. त्या दिवसापासून मागून पत्र्याचा खडखडाट आला की माझे पाय मला न विचारता पळायला लागत. मी उधळायची. नंतर लाज वाटायची, पण नंतर वाटून काय उपयोग?

वखारवाल्यांनी सहा महिने कळ काढली. पण शेजारच्या कारखान्यात दिवसभर पत्रेच कापायचे, तिथे मी कशी बरी होणार? शेवटी त्यांनी मला घोड्यांच्या व्यापाऱ्याला विकलं. विकताना माझ्या मानेवर हात ठेवून ते म्हणाले, "ही पत्र्याच्या आवाजाला घाबरते. तेवढं सोडलं तर घोडी लाखात एक आहे. जो घेईल त्याला एवढं मात्र सांगा."

"सांगणार म्हणजे काय, पहिलं तेच सांगणार," व्यापारी छातीवर हात ठेवून म्हणाला.

हा व्यापारी दिसेल त्याला भाचा म्हणायचा आणि दिसेल तिला भाची. म्हणून सगळा बाजार त्याला मामा म्हणायचा. आणि दिवसभर तो त्या भाचेमंडळींनाच मामा बनवायचा. बोलणं इतकं गोड की ऐकणाऱ्याला खिसा हलका झाल्याचं घरी गेल्यावर कळावं.

बाजाराच्या दिवशी तो मला पहाटेच उठवून तासभर गोल गोल पळवायचा. त्यामुळे गिऱ्हाईक येईपर्यंत माझ्यातली सगळी रग निघून जायची आणि मी अगदी गरीब दिसायची. त्याने माझे दात कानशीने घासून तरुण केले होते. डोळ्यांवर पिकलेल्या केसांना तो बुटाचं पॉलिश लावायचा. आणि शेवटी माझ्या दोन्ही कानांत कापसाचे घट्ट बोळे कोंबून वरून कान झाकणारी लाल लोकरीची टोपी चढवायचा. टोपी माझ्या डोक्यावर असायची, पण घातली जायची गिऱ्हाइकाला. सौदा पटला की ती तो स्वतःच्या हाताने उतरवायचा, "माझ्या लेकीची आठवण म्हणून ठेवतो" असं म्हणत. टोपीबरोबर बोळेही त्याच्या मुठीत जायचे.

मी प्रत्येक वेळी वाट बघायची. आता सांगेल, आता तरी सांगेल. त्याने कधीच सांगितलं नाही.

पहिल्यांदा मला एका पाववाल्याने घेतलं. त्याचे ट्रे पत्र्याचे होते. पहिल्याच वळणावर ते एकमेकांवर आपटले आणि मी उधळले. पाव गटारात, गाडी उलटी, पाववाल्याच्या खांद्याचं हाड मोडलेलं. हात गळ्यात बांधून तो मला परत घेऊन आला तेव्हा मामाने चक्क कानांवर हात ठेवले. "माझ्याकडे होती तोवर मेंढरासारखी होती, भाचा. तू काय केलंस तिला?" असं म्हणून उपकार केल्यासारखं त्याने मला अर्ध्या किमतीत परत घेतलं आणि वर्षभराने पुन्हा पूर्ण किमतीला उभं केलं.

दुसऱ्यांदा घेतलं ते मुलांना शाळेत नेणाऱ्या एका गाडीवानाने. चौथ्या दिवशी मुलांनी जेवणाचे रिकामे डबे वाजवायला सुरुवात केली. मी पळत सुटले. गाडी एका भिंतीत अडकली म्हणून सगळे वाचले, पण एका लहान मुलीचा पुढचा दात तुटला. मित्रांनो, तिचं ते रडणं मला आजही ऐकू येतं. गाडीवानाने मला चाबकाने झोडपलं. त्याचा राग मी समजू शकते. चाबूक चुकीच्या पाठीवर पडत होता, एवढंच.

दुसऱ्यांदा परत आले तेव्हा मामाकडे एक माणूस बसला होता. त्याच्याकडे चारही बाजूंनी बंद असा ट्रक होता. त्या ट्रकमधून म्हातारे घोडे जायचे, परत कुणी येत नसे. मामा माझ्याकडे बोट दाखवून त्याला म्हणाला, "अजून एकदा विकून बघतो. परत आली, तर तुझी."

आता तुम्हीच सांगा, मी काय करणार होते? कुणी मला घेतलं तर तो माणूस माझ्यामुळे जखमी होणार, आणि मग मी ट्रकमध्ये चढणार. कुणी घेतलंच नाही तरी ट्रकच. खरं बोलता येणारा एकच माणूस होता, आणि तो लोकांना भाचा-भाची म्हणत हिंडत होता.

तिसऱ्या खेपेला माझ्यासमोर दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. एक होती दूधवाली. ठेंगणी, पायात रबरी बूट, तोंडाने गप्प. दुसरी तिची नणंद. उंच, हातात कागद, आणि आवाज असा की माझ्या कानांतला कापूसही तिच्यापुढे हार मानत होता. बाकी बाजार मला लांबच्या कुजबुजीसारखा ऐकू येत होता. तिचा शब्द न् शब्द मात्र पोचत होता. आधी मला वाटलं, या बाई भांडतायत. नंतर कळलं की तिच्या वहिनीला लहानपणच्या तापापासून फार कमी ऐकू येतं, आणि वर्षानुवर्षं वहिनीशी बोलून नणंदेचा आवाज त्याच पट्टीत बसून गेला आहे.

शेजारणीच्या दिराने घोडा घेताना काय काय तपासायचं ते लिहून दिलं होतं. नणंद ते कागदावरून वाचत होती. "दात! बघितले. आठ वर्षांची. डोळे! स्वच्छ. पाय! चारही आहेत." मामा मागून मान डोलावत होता. प्रत्येक कलमात मी पास होत होते आणि प्रत्येक कलमाला मला नापास व्हावंसं वाटत होतं. कारण मधेच ती मामाला म्हणाली, "नीट बघून घ्यायला हवं हो. गाडीत दुधाचे कॅन असतात, आणि हिची पोरगी रोज त्या कॅनच्या मधे बसून शाळेत जाते."

कॅन. आणि त्यांच्या मधे पोरगी. ट्रक परवडला, पण हे नको, असं वाटलं. त्यांना हाकलून लावायला मी दात विचकले.

"अगं बाई, हसते ही!" नणंद म्हणाली.

मग ती शेवटच्या कलमावर आली: मागे उभं राहून आवाज करून बघणे. त्यासाठी तिने घरून कॅनची दोन झाकणं आणली होती. माझ्या मागे जाऊन तिने ती एकमेकांवर दाणकन आपटली. मला ती ऐकू आली, पण कापसातून, दूर कुठेतरी कुणाच्या हातून चमचा पडावा इतकीच. मी हलले नाही.

"बघ वहिनी! जागची हलली नाही. कसली गुणी आहे! घेऊन टाकू या."

वहिनी मात्र कागदाकडे बघत नव्हती, की दातांकडेही नाही. आल्यापासून ती एकच गोष्ट बघत होती, माझे कान. त्याचं कारण मला पुढे तिच्या घरी समजलं. तिला मागून येणाऱ्या गाड्या ऐकू येत नाहीत. त्यांच्या वस्तीतल्या चढ-उताराच्या गल्ल्यांत टेम्पो शिरत नाही, म्हणून दूध घोडागाडीतूनच वाटावं लागतं, आणि तिथवर जाताना मोठा रस्ता ओलांडावा लागतो. बारा वर्षं तिने तो ओलांडला तो आपल्या म्हाताऱ्या घोड्याच्या कानांवर नजर ठेवून. त्याचा उजवा कान मागे वळला की मागून उजवीकडून काहीतरी येतं आहे. दोन्ही कान वळले की थांबायचं. तो घोडा गेला तेव्हा घरच्यांना वाटलं, तिला नवीन घोडा हवा आहे. तिला हवे होते कान.

ती माझ्याजवळ आली आणि काहीतरी बोलली. तिचा आवाज हळू असतो, मला ऐकू आलं नाही. पण नणंदेचं उत्तर ऐकू आलं. "ऐकत नाही म्हणजे? घाबरत नाही म्हण! चांगलंच आहे की!"

वहिनीने मान हलवली. हात वर करून तिने टोपीची गाठ सोडली. मामा लगबगीने पुढे आला, पण उशीर झाला होता. तिने माझ्या एका कानात दोन बोटं घातली, मग दुसऱ्यात, आणि दोन्ही बोळे तळहातावर ठेवून नणंदेसमोर धरले.

मित्रांनो, मला त्या क्षणाबद्दल काय सांगू! सगळा बाजार एकदम माझ्या कानांत आला. लगामांच्या कड्या, कुणाचं खोकणं, पलीकडच्या शिंगराचं खिंकाळणं, मामाचा चढलेला श्वास. माझे कान एकेका आवाजामागे फिरत राहिले. वहिनी ते बघत होती आणि तिच्या तोंडावर पहिल्यांदाच हसू आलं होतं.

"कापूस?" नणंद ओरडली. "घोडीच्या कानात कापूस?" आणि संतापाने हात झाडताना तिच्या हातातली झाकणं पुन्हा एकमेकांवर आदळली.

मी दोन पायांवर उभी राहिले. वहिनीने दोर सोडला नाही. मी खाली येऊन थरथरत उभी राहिले तेव्हा तिचा हात माझ्या मानेवर होता. आता लपण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. मला भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगते, मला हायसं वाटलं.

"थंडी बाधते हो हिला, म्हणून घातला होता," मामा म्हणाला. "हळू बोला, ताई. लोक बघतायत."

"हळू बोलले तर हिला कसं ऐकू येणार?" नणंद म्हणाली, आणि सगळी हकिकत पहिल्यापासून तिने वहिनीला सांगितली, म्हणजेच सगळ्या बाजाराला. कुणाला पुन्हा विचारावं लागलं नाही. जो तो उठला आणि जवळच्या घोड्याच्या कानात बोट घालून बघू लागला. मामाच्या आणखी तीन घोड्यांच्या कानांतून बोळे निघाले. मामाचा त्या दिवशी तिथून बाजारच उठला.

गर्दीत तो पाववाला होता. खांदा अजून जरा वाकडाच. त्याने मला कपाळावरच्या पट्ट्यावरून ओळखलं. मला वाटलं, आता हा मारणार. पण तो वहिनीसमोर येऊन मोठ्याने म्हणाला, "माझा खांदा हिच्यापायीच मोडला. पण मला कुणी आधी सांगितलं असतं ना, तर मी ट्रेखाली गोणपाट घातलं असतं. एवढंच तर करायचं होतं."

वहिनी त्याच्या ओठांकडे बघत होती. मग ती नणंदेला घेऊन निघून गेली. शहाण्या माणसाने तेच केलं असतं. मी त्यांच्या पाठमोऱ्या आकृत्या दिसेनाशा होईपर्यंत बघत राहिले. पोरगी वाचली, म्हणून बरं वाटत होतं. संध्याकाळी मामाने ट्रकवाल्याला निरोप धाडला: उद्या दुपारी ये.

पण दुसऱ्या दिवशी सूर्य उगवतोय न उगवतोय तोच वहिनी दारात हजर. बरोबर नणंद आणि एक जनावरांचे डॉक्टर. मामा बनियनवर दात घासत उभा होता. ना मला पळवलेलं, ना पॉलिश, ना टोपी. मी जशी आहे तशी उभी होते, खांद्यावर गवताच्या काड्या.

डॉक्टरांनी दात बघून सांगितलं, "कानशीचं काम आहे. चौदा वर्षांची आहे ही." पाय, छाती, डोळे सगळं बघितलं. "बाकी धडधाकट आहे."

"अगं, पण बाजारात इतके घोडे असताना हिलाच का?" नणंदेने विचारलं.

"कान बघितलेस ना काल?" वहिनी म्हणाली. "तसे कान दुसऱ्या कुणाचे नाहीत. आणि हिची खोड आता आपल्याला माहीत आहे. दुसऱ्याची काय असेल, ते कळायला आपली पोरगी गाडीत बसवायची का?" मग मामाकडे वळून ती म्हणाली, "कागद घ्या. मी सांगते ते लिहा."

मामाने लिहिलं. ही घोडी चौदा वर्षांची आहे. ही पत्र्याच्या आवाजाला घाबरते. पंधरा दिवसांत पटली नाही तर सगळे पैसे परत. 'चौदा' लिहिताना त्याचं पेन बराच वेळ अडखळलं. खाली डॉक्टरांनी सही केली. किंमतही मग चौदा वर्षांच्या घोडीचीच ठरली. ट्रक दुपारी आला असेल तर रिकामाच गेला असेल.

त्या कागदाचं कौतुक तुम्हाला वाटणार नाही. मला वाटलं. मी किती वर्षांची आणि मला कशाची भीती वाटते, हे कुणीतरी पहिल्यांदाच शाईने लिहून ठेवलं होतं.

त्या घरात कॅनखाली गोणपाटं आली. प्रत्येक झाकणाला रबर बसलं. पोरीला पंधरा दिवस गाडीला हात लावायची बंदी होती. रोज सकाळी मी खात असताना अंगणाच्या पार टोकाला वहिनी एका डब्यावर चमचा वाजवायची. एकदाच. मग दोनदा. मग दोन पावलं जवळून. नणंद शेजारी उभी राहून मला धीर द्यायची, आणि तिचा आवाज सहन करायची सवय झाल्यावर डब्याचं फार काही वाटेनासं झालं.

भीती पार गेली असं नाही. तिसऱ्या महिन्यात एका उतारावर एका कॅनचं झाकण निसटलं आणि ठणठणत माझ्या मागे गडगडलं. गाडीत पोरगी होती. माझे दोन्ही कान मागे गेले, पायांत तीच पळायची उबळ आली. वहिनीला झाकण ऐकू आलं नव्हतं. पण माझे कान तिने पाहिले आणि झाकण थांबायच्या आत तिचा तळवा माझ्या पाठीवर आला. "काही नाही, काही नाही. झाकण आहे," ती म्हणाली. मी थरथरत होते. पण उभी होते. पोरगी उतरली, झाकण उचलून आणलं, परत बसली, आणि मी शाळेपर्यंत चालत गेले. तिचे सगळे दात जागच्या जागी होते.

पुढची आठ वर्षं मी वहिनीचे कान झाले आणि तिने माझी भीती सांभाळली. म्हणून, मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी घोडा घ्यायला निघालं तर न कळवता जा. पाठीला हात लावून बघा, आधीच पळवून गरम केलेली तर नाही ना. डॉक्टर तुमचा तुम्ही न्या. 'दुपारी दुसरं गिऱ्हाईक येणार आहे' असं कुणी म्हणालं तर त्या गिऱ्हाइकाला खुशाल येऊ द्या. आणि खोड विचारा. 'काहीच खोड नाही' असं सांगणाऱ्याला नमस्कार करून घरी या. खोड सांगणारा भेटला, तर त्याला हसू नका. तो घोड्याचंही भलं करतो आहे आणि तुमचंही.

आता माझे गुडघे दुखतात, म्हणून गाडीला नवीन घोडा बघणं चाललं आहे. काल एक शेतकरी तरणाबांड काळा घोडा घेऊन अंगणात आला. वहिनीने आधी घोड्याचे कान बघितले आणि मग विचारलं, "खोड काय याची?"

तो माणूस खाली बघत म्हणाला, "उजव्या बाजूने कुणी जवळ गेलं की चावतो. लहानपणी त्या बाजूने मार खाल्लाय त्याने. बाकी चांगला आहे, पण हे सांगितल्यावर कुणी घेत नाही."

"चावतो म्हणतोय!" नणंदेने सगळ्या गल्लीला सांगितलं.

वहिनीने काळ्याकडे पाहिलं. तो मान खाली घालून उभा होता. ती पायरी उतरली, त्याच्यासमोरून लांबून वळसा घालून पलीकडे गेली आणि म्हणाली, "मग आपण डावीकडून जाऊ."

काळ्याने एक मोठा श्वास सोडला. मी शेजारीच होते, मला ऐकू आला.